चौदा डबे राजमा आणि टाकलेल्याची वही: घरी करून ठेवल्याने किराण्याचे पैसे खरंच वाचतात का?

हिशेबी_मांजर (धागालेखिका)

मंडळी, किराण्याचं बिल दर महिन्याला फुगत चाललंय म्हणून मध्यंतरी मी एक पराक्रम केला. रविवारी सकाळी कंबर कसली आणि सात तास ओट्यापाशी उभी राहून चौदा डबे राजमा करून ठेवला. एकदाच राबायचं आणि पंधरा दिवस निवांत राहायचं, असा बेत. डबे भरून झाल्यावर लक्षात आलं की फ्रीझरमध्ये सहाच मावतात. उरलेले आठ खाली फ्रिजमध्ये कोंबले. पहिल्या दिवशी कौतुक झालं, दुसऱ्या दिवशी "आज पण?" आणि तिसऱ्या दिवशी घरातल्यांनी फ्रिज उघडून नुसता बंद केला. आठातले पाच डबे शेवटी ओतून दिले. राजमा, कांदा, टोमॅटो, तेल, गॅस आणि माझा रविवार, सगळं पाण्यात.

त्या वैतागात एक वही घातली. जमाखर्चाची नाही, टाकलेल्याची. चार आठवडे जे जे कचऱ्यात गेलं ते लिहून काढलं: काय, अंदाजे किती आणि का. मला वाटत होतं महागाच्या वस्तूंनी घात केला असेल. वहीत भलतंच निघालं. काळी पडलेली पालेभाजी (सहा वेळा!), उरलेला भात, ब्रेडच्या पाकिटातले शेवटचे तुकडे, एका पदार्थासाठी आणून अर्धवट राहिलेलं क्रीम, लिबलिबीत काकड्या. एकेक वस्तू किरकोळ, पण बेरीज केली तेव्हा आठवड्याभराच्या भाजीइतके पैसे निघाले.

तर तुम्ही घरी काय करून ठेवता, कसं ठेवता, आणि त्याने पैसे वाचतात की नुसतं कामाला लागल्याचं समाधान मिळतं?

बरणीवाली

मांजरताई, चूक राजम्याची नाही, चौदाची आहे :)

मी तयार जेवण फारसं साठवत नाही. स्वयंपाकातलं किचकट काम तेवढं साठवते. म्हणजे राजमा, हरभरे भिजवून नुसते शिजवायचे, मसाला काही नाही. एक किलो कोरडे दाणे शिजल्यावर सव्वादोन-अडीच किलो होतात. एका वेळेला लागतील तेवढे पिशवीत भरायचे, हवा दाबून काढायची आणि पिशवी ताटलीवर आडवी ठेवून गोठवायची. पातळ चपटी पिशवी लवकर गोठते, लवकर सुटते आणि पुस्तकांसारखी उभी रचता येते. मोठ्या डब्यातला दगड फोडत बसावं लागत नाही. त्याच दाण्यांचं एक दिवस सूप, एक दिवस रस्सा, एक दिवस सॅलड. "आज पण?" कुणी म्हणत नाही.

कांदा परतून, टोमॅटो शिजवून आटवून, आलं वाटून, लिंबाचा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये. गोठले की वड्या काढून पिशवीत. टोमॅटो स्वस्त असतात तेव्हा हे काम करायचं, महाग झाले की ट्रेकडे वळायचं.

भाज्या गोठवायच्या तर आधी उकळत्या पाण्यातून काढाव्या लागतात. वाटाणे दीड मिनिट, गाजराचे छोटे तुकडे दोन मिनिटं, फरसबी तीन मिनिटं, आणि बाहेर काढल्या काढल्या बर्फाच्या पाण्यात. हे टाळलं की फ्रीझरमध्येसुद्धा भाजीतली विकरं (एन्झाइम) हळूहळू काम करत राहतात आणि दोन महिन्यांनी रंग उडालेली, गवतासारखी लागणारी भाजी हातात येते. मग चांगलं निथळून, पुसून, ताटात सुटं पसरून गोठवा. दाणा दाणा वेगळा राहतो.

काचेची बरणी फ्रीझरमध्ये काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. माझी एक बरणी मध्यरात्री फुटली होती. वाटाण्यातून काचा निवडायला वेळ कुणाला आहे, सगळंच टाकलं.

आणि सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवते. महिनाभर सोलायची कटकट नाही.

सूक्ष्मजीव

बरणीवालीताई, बाकी सगळ्याला +१, पण ती लसणाची बरणी आजच फेका. फ्रिजमध्ये उचलून ठेवू नका, फेकाच.

लसूण मातीतून येतो आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असतात. या जिवाणूला हवा नको असते, आम्ल नको असतं, ऊब हवी असते. तेलाखाली हवा नाही, लसणात आम्ल नावापुरतं, आणि ओटा उबदार. तुम्ही त्याला तिन्ही गोष्टी आयत्या दिल्या आहेत. त्याचं विष तयार झालं तरी लसणाला वास येईलच असं नाही, चवही बदलेलच असं नाही. ताजा लसूण घातलेलं तेल फ्रिजमध्ये फार तर चार दिवस ठेवावं, त्याहून जास्त हवं तर फ्रीझर.

(मी हाच विषय शिकवते, म्हणून आवाज थोडा चढला. माफी.)

बरणीवाली

वीस वर्षं ठेवतेय, घरात कधी कुणाचं पोट दुखलेलं नाही.

सूक्ष्मजीव

खरं असणार. बॉट्युलिझम, म्हणजे त्या विषाने होणारा आजार, दुर्मीळच आहे. पण तो नुसता पोट दुखवत नाही, स्नायू लुळे पाडतो, श्वासाचेसुद्धा. त्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे यंत्राच्या श्वासावर ठेवावं लागू शकतं. लसणाची एक गड्डी सोलायला जास्तीत जास्त दहा मिनिटं लागतात.

बरणीवाली

बरं बाई. फेकली. वाटून ट्रेमध्ये घालीन.

रात्रपाळी

बरणीवालीकाकूंचं पटलं, पण माझं गणित उलटं आहे. मी पहाटे घरी येतो. त्या वेळी नुसते शिजवलेले हरभरे आणि कांद्याची वडी बघून मला रडू येईल. मला पूर्ण तयार, गरम करून खाता येईल असाच डबा लागतो. तो नसेल तर मी मोबाइल उघडतो आणि बाहेरून मागवतो, आणि त्या एका जेवणात माझा तीन दिवसांचा किराणा जातो.

त्यामुळे "घरी करून ठेवणं स्वस्त का" असं विचाराल तर मी म्हणेन, कशाच्या तुलनेत ते आधी सांगा. रोज ताजं करून खाणाऱ्या घराला फ्रीझर फार पैसे वाचवून देणार नाही. माझ्यासारख्याला तो बाहेरच्या जेवणापासून वाचवतो. मी तीन पदार्थ करतो, प्रत्येकाचे तीन डबे, आणि आठवड्यात कुठलाही पदार्थ लागोपाठ दोनदा खायचा नाही. चौदा डबे एकाच पदार्थाचे हे मात्र धाडस आहे, सलाम.

हिशेबी_मांजर

रात्रपाळी :D धाडस नव्हतं, राजमा सवलतीत मिळाला होता.

एकटाच

मी एकट्यासाठी करतो. छोटा फ्रिज, वर बर्फाचा कप्पा चपलेच्या खोक्याएवढा. माझा प्रश्न भाताचा. सकाळी करतो, रात्री गरम करून खातो, दिवसभर कुकरमध्येच असतो. चालतं ना? नीट उकळून गरम केला की जंतू मरतातच.

सूक्ष्मजीव

दादा, नाही चालत. भातात बॅसिलस सीरियस नावाचा पाहुणा असतो. त्याचे बीजाणू शिजवून मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. जंतू तुम्ही रात्री उकळून माराल, पण उलट्या करवणारं त्याचं विष उकळूनही जात नाही. म्हणजे भात गरम कसा केलात यापेक्षा तो गार कसा केलात ते महत्त्वाचं.

शिजला की पसरट ताटात काढा. तासाभरात गार होऊन फ्रिजमध्ये जायला हवा. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा आणि एकदाच गरम करा. तुमच्या खोक्यात एकेका जेवणाच्या चपट्या पिशव्या गोठवल्यात तर आणखी उत्तम, भात गोठवून छान राहतो.

बाकीच्या शिजवलेल्या अन्नाचंही तेच. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंचा आवडता पट्टा. त्यात अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. फ्रिज ५ अंशांच्या आत, फ्रीझर उणे १८. फ्रिजमधलं शिजवलेलं तीन-चार दिवसांत संपवा. आणि गोठवल्याने जंतू मरतात हा गैरसमज आहे, ते नुसते थांबतात. बाहेर काढलं की पुन्हा कामाला लागतात, म्हणून गोठलेला डबा ओट्यावर रात्रभर सुटायला ठेवू नका. आदल्या दिवशी खाली फ्रिजमध्ये उतरवून ठेवा.

एकटाच

अरे देवा. कुकर उघडून भात ताटात काढतोय.

दीड_शहाणा

सगळे एकमेकांना शाबासकी देताय म्हणून थोडं विरजण घालतो.

सवलतीचा राजमा, पाच किलोचं पोतं, "दोनवर एक फुकट". दुकानदार वाचवतो की तुम्ही? पाकिटावरची किंमत बघू नका, दर शंभर ग्रॅमला किती पडतं ते काढा. कित्येकदा मोठं पाकीट महाग निघतं. स्वस्त निघालं तरी अर्धं टाकणार असाल तर काय उपयोग? आणि साठवायला जागा हवी म्हणून दुसरा फ्रीझर घेणारे लोक मला माहीत आहेत. तो रात्रंदिवस वीज खातो, तेही बिलात धरा.

दुसरं, मांजरताई, तुमचे सात तास. त्याचा भाव कुठे लावलात? घरात बाकीचे किती जण होते आणि ते तेव्हा काय करत होते?

हिशेबी_मांजर

बाकीचे तिघे. एक झोपला होता, एक सामना बघत होता, एक अधूनमधून येऊन "अजून किती वेळ?" विचारत होता.

बरणीवाली

हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावा.

दीड_शहाणा

तेच म्हणतोय. बचतीच्या सगळ्या गप्पांमध्ये एका माणसाचे तास फुकट धरलेले असतात. आमच्याकडे मी भाज्या चिरतो आणि भांडी घासतो, बायको शिजवते, मुलगी पिशव्यांवर नाव-तारीख लिहिते. दीड तासात आटपतं. त्याहून जास्त लागलं तर तो बेत आमच्या घराला परवडत नाही असं समजतो.

फडताळ

चर्चा सगळी फ्रिजभोवती चालली आहे म्हणून कोरड्या सामानाबद्दल दोन शब्द.

माझं मोठं नुकसान व्हायचं ते किड्यांनी. पीठ, डाळ, रवा, कशालाही जाळी आणि सोंडे. कळलं असं की बऱ्याचदा अंडी पाकिटातच आलेली असतात. आता नवीन पाकीट आणलं की आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, मग बाहेर काढून पूर्ण कोमट झाल्यावरच उघडते. गार असताना उघडलं तर दमट हवेचं पाणी पिठावर धरतं आणि बुरशीला निमंत्रण. मग घट्ट झाकणाच्या डब्यात. जुन्यावर नवं ओतायचं नाही, हा माझा हट्ट आहे. जुनं संपवा, डबा पुसून कोरडा करा, मग नवं.

बटाटे-कांदे एका टोपलीत ठेवू नका. बटाटे ओलावा सोडतात, कांद्यांना कोंब येतात. बटाटे अंधारात ठेवा, उजेडात हिरवे पडले की कडू आणि अपायकारक होतात. सफरचंद, पिकती केळी, टोमॅटो इथिलीन वायू सोडतात, त्यांच्या शेजारी पालेभाजी ठेवली तर ती दोन दिवसांत पिवळी. ताईंच्या सहा जुड्या अशाच गेल्या नसतील ना?

हिशेबी_मांजर

भाजीच्या कप्प्यात वर सफरचंदं, खाली पालक. बरोब्बर.

फडताळ

मग वेगळं करून बघा. पालेभाजी आणल्या दिवशी निवडून ठेवा, धुवायची असेल तर कोरडी करा, डब्यात खाली-वर कोरडं कापड किंवा कागद. आणि एक जुडी दोन दिवसांत संपणार नसेल तर अर्धी त्याच दिवशी उकळत्या पाण्यातून काढून गोठवा. सूप-डाळीत कुणाला पत्ता लागत नाही. सॅलडला मात्र ती चालणार नाही, पार मऊ पडते. काकडीचंही तेच, ती गोठवूच नका.

ब्रेड फ्रिजमध्ये अजिबात नाही. तिथल्या गारठ्यात तो बाहेरपेक्षाही लवकर शिळा लागतो. तुकडे सुटे करून सरळ फ्रीझरमध्ये, लागेल तसा काढून भाजा.

काचेचा_डबा

मी शिजवलेले हरभरे बरणीत भरून, बरणी पाण्यात अर्धा तास उकळून, फडताळात ठेवायचा विचार करतोय. फ्रीझर लागायलाच नको. झाकण टच्च बसतं.

सूक्ष्मजीव

लसूण संपला, हरभरे आले :(

झाकण टच्च बसलं म्हणजे हवा गेली, आणि हवा गेलेली बॉट्युलिनमला आवडते. त्याचे बीजाणू १०० अंशांच्या पाण्यात अर्धा तास आरामात तग धरतात. त्यांना मारायला ११६ ते १२१ अंश लागतात, आणि ते दाबाखालीच जमतं, तेही त्यासाठीच बनवलेल्या भांड्यात, तपासून ठरवलेल्या वेळेनुसार. सीमारेषा आहे पीएच (आंबटपणाचं माप) ४.६ ची. त्याखालचं आंबट, म्हणजे बरीचशी फळं, व्हिनेगरची लोणची, हे नुसत्या उकळत्या पाण्यात बंद करता येतं. हरभरे, राजमा, मका, मांस नाही.

थोडं अवांतर: अन्न बाटलीत बंद करून उकळण्याची रीत निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने बसवली. १८१० मध्ये त्याला सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. गंमत म्हणजे त्याने अन्न नेमकं कशामुळे टिकतं, हे त्यालाही माहीत नव्हतं. जंतूंमुळे अन्न नासतं हे दाखवणारे पाश्चरचे प्रयोग व्हायला आणखी अर्धशतक होतं.

आणि राजमा करणाऱ्या सगळ्यांना: कमीत कमी पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नवीन पाण्यात आधी दहा मिनिटं तरी खळखळून उकळा, मग आच कमी करा. सुरुवातीपासून मंद आचेच्या विजेच्या भांड्यात टाकून कामाला निघून जाऊ नका. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन तेवढ्या उष्णतेने मोडत नाही आणि चांगलाच त्रास देतं.

काचेचा_डबा

बरणी रद्द. धन्यवाद, आधी विचारलं ते बरं झालं.

पाणी_गेलं_वीज_गेली

फ्रीझर भरला आणि वीज गेली तर? माझी तीच भीती आहे.

रात्रपाळी

दार उघडायचं नाही. गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास गार राहतो, अर्धा भरलेला २४. खालचा फ्रिज मात्र चारच तास धरा. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, थोड्या रिकाम्या ठेवून, नाहीतर बरणीवालीकाकूंसारखा मध्यरात्री स्फोट.

आकडेमोड

मांजरताई, वहीबद्दल वाईट वाटून घेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. माणशी वर्षाला ७९ किलो. हॉटेलं आणि दुकानं मिळूनसुद्धा आपल्या मागे.

मला तुमची पद्धत आवडली ती "का" लिहिण्यासाठी. "विसरले", "जास्त आणलं" आणि "कंटाळा आला" या तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. विसरलेल्याला पारदर्शक डबा आणि वरचा कप्पा. जास्त आणलेल्याला यादी. कंटाळ्याला काही उपाय सापडला तर इथे लिहा.

हिशेबी_मांजर

पाच आठवड्यांनी परत आले आहे.

काय टिकलं ते आधी. बुधवारी आणि रविवारी प्रत्येकी तासभर, घरातले चौघेही ओट्यापाशी (सामना मोबाइलवर चालू असतो, तेवढी सूट दिली). शिजवलेली कडधान्यं आणि परतलेला कांदा-टोमॅटो पिशव्यांत. तयार डबे आठवड्याला फक्त चार, ज्या संध्याकाळी कुणालाच स्वयंपाकाचं मन नसतं त्यांच्यासाठी. रात्रपाळींचं खरं निघालं. बाहेरून मागवणं महिन्यात पाच वेळांवरून एकदावर आलं आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाचले. पालेभाजी टाकायची वेळ एकदाच आली. ब्रेड एकदाही नाही.

काय फसलं: आठवड्याचा सात दिवसांचा बेत आखायला गेले आणि तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. आता चारच दिवसांचा आखते, बाकी तीन दिवस "फ्रिजमध्ये आहे ते". दह्याच्या वड्या गोठवल्या, सुटल्यावर पाणी एकीकडे, दही एकीकडे. क्रीम अजूनही अर्धं वाया जातं, त्यावर काही जमलेलं नाही. पाव लिटरचं छोटं पाकीटच आणते, शंभर ग्रॅमला महाग पडलं तरी. दीड_शहाणा, हे तुमच्या हिशेबात बसत नाही, पण अर्धा लिटर आणून अर्धं ओतण्यापेक्षा बरं.

भाजीच्या साली-देठांचा स्टॉकही करून पाहिला. पिशवी भरेपर्यंत गोठवायच्या, मग उकळायच्या. चांगला होतो. कोबी-फ्लॉवरची देठं घालू नका, घरभर वास.

आणि एक प्रश्न. आज फ्रीझर पुसायला घेतला तर अगदी तळाशी एक डबा निघाला. त्यावर चिठ्ठी नाही. त्या रविवारचा सहावा राजमा असावा. खायचा का?

सूक्ष्मजीव

मध्ये वीज गेली नसेल आणि फ्रीझर उणे १८ ला असेल तर खायला हरकत नाही. वर पांढरे कोरडे डाग असतील तर तो भाग चिवट लागेल, तेवढा काढून टाका. वाफ येईपर्यंत आतून नीट गरम करा.

बरणीवाली

आणि घरातल्यांना आधी सांगू नका काय आहे ते.

हिशेबी_मांजर

उद्यासाठी खाली उतरवून ठेवलाय. वर चिठ्ठी लावली आहे: "राजमा (बहुतेक)".